गर्भ, मद्य आणि आवेगी बालक : संगोपनाच्या एका प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

परळी वैजनाथ येथील ज्योतिर्लिंगास वैद्यनाथ हे नाव आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना विष्णूने या लिंगात दडवून ठेवले, अशी स्थानिक आख्यायिका सांगितली जाते. त्याच मंथनातून वारुणी म्हणजे मद्याची देवताही बाहेर आली, याचा उल्लेख मात्र आख्यायिका सांगताना सहसा होत नाही. औषध आणि मद्य यांचे नाते जुने आहे. त्या नात्याची झळ जन्माला न आलेल्या जीवालाही लागू शकते, ही जाणीवही वाटते तितकी नवी नाही.

वर्गात एका जागी न बसणारे, विचार करण्याआधी हात उचलणारे, कालची शिक्षा आज विसरणारे, रस्त्यावर वाहन दिसत असतानाही धावत सुटणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. अशा मुलाला घरात 'वांड', शाळेत 'बेशिस्त' आणि कायद्याच्या भाषेत एकेकाळी 'अनियंत्रित' म्हटले गेले. आवेगी वर्तनाची कारणे अनेक असतात. आनुवंशिकता, अपुऱ्या दिवसांचा जन्म, कुपोषण, मेंदूला झालेली इजा, घरातील हिंसा ही त्यांपैकी काही होत. आईच्या पोटात असताना मद्याशी आलेला संपर्क हे त्यांतीलच एक कारण आहे. ते सिद्ध करणे मात्र अतिशय कठीण असते, आणि म्हणून पालकांच्या वाट्याला बहुतेक वेळा 'शक्यता' हा एकच शब्द येतो. ही शक्यता भारतीय व विशेषतः मराठी समाजात कधी दिसली, कधी दृष्टीआड झाली आणि त्या दृष्टीआड होण्याचा परिणाम मुलाच्या संगोपनावर कसा झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैद्यकपरंपरेतील नोंद

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची एक दीर्घ यादी आहे. गर्भिणीच्या कोणत्या सवयीमुळे कशा प्रकारचे अपत्य जन्मते, असा तिचा विषय आहे. नित्य मद्यपान करणाऱ्या स्त्रीच्या पोटी सतत तहानलेले, स्मरणशक्ती कमी असलेले अथवा चित्त एके ठिकाणी न ठरणारे मूल जन्माला येते, असे तेथे म्हटले आहे. स्मरण आणि अवधान या दोन गोष्टींतील उणीव आजच्या निदानशास्त्रातही केंद्रस्थानी आहे. त्यामुळे ही नोंद वाचणारा चकित झाल्यावाचून राहत नाही.

परंतु येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करणे आवश्यक आहे. त्याच यादीत भांडखोर स्त्रीला अपस्मारी मूल होते, सतत झोपणाऱ्या स्त्रीला मंदबुद्धीचे मूल होते आणि सतत शोक करणाऱ्या स्त्रीला भित्रे किंवा अल्पायुषी मूल होते, अशीही विधाने आहेत. मद्याविषयीचे एक विधान उचलून 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' असा जयघोष करायचा असेल, तर बाकीची विधानेही स्वीकारावी लागतील. तशी तयारी कोणाचीच नसते. ही नोंद निरीक्षणातून आलेली असू शकते, निव्वळ साम्यकल्पनेतूनही आलेली असू शकते. मद्यप्याचे चित्त ठरत नाही, म्हणून त्याच्या अपत्याचेही ठरत नाही, असा तर्क प्राचीन वैद्याने केला नसेल असे खात्रीने म्हणता येत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. चरकाचा ग्रंथ मद्याचा सरसकट निषेध करीत नाही. त्याच अध्यायात, मृत गर्भ बाहेर काढल्यानंतर स्त्रीला तिच्या शक्तीनुसार सुरा, आसव, अरिष्ट यांपैकी काही पाजावे, म्हणजे कोठा शुद्ध होईल आणि वेदनेचा विसर पडेल, असे सांगितले आहे. मद्यामुळे होणाऱ्या विकारांसाठी चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे वैद्याच्या दृष्टीने प्रश्न पाप-पुण्याचा नव्हता. पदार्थ तोच, तो कोणत्या अवस्थेत घ्यावा आणि कोणत्या अवस्थेत टाळावा, एवढाच विवेक होता. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची चाल आजही अनेक घरांत आहे. आसव-अरिष्टांत किण्वनाने आपोआप तयार झालेले मद्य असते, हे घरातील कोणाच्या मनातही नसते. हा अवस्थाविवेक पुढे हरवला आणि त्याची जागा नैतिक निवाड्याने घेतली.

नैतिकतेच्या चौकटीत दारू

एकोणिसाव्या शतकात दारू हा महसुलाचा विषय झाला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर व विकण्यावर सरकारचे नियंत्रण घट्ट झाले. घरगुती आणि जातिगत परंपरेने चालणारे गाळप बेकायदा ठरले आणि मक्तेदारांची दुकाने वाढली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी आवाज उठवला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. या दोन्ही प्रयत्नांत गरीब कुटुंबाची धूळधाण हा मुख्य मुद्दा होता.

या काळातील मराठी कल्पनाविश्वात दारू पिणारा नेहमी पुरुष असतो. स्त्री ही सोसणारी आणि मूल हे तिच्या पदराआड लपणारे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि मद्यपानाविषयीची मराठी माणसाची भाषाच त्याने घडवली. त्या नाटकात तान्ह्या मुलाचा बळी जातो, पण तो पित्याच्या हातून, दारूच्या नशेत. मद्य मुलापर्यंत पोहोचते ते काठीच्या रूपाने, बाहेरून. रक्तावाटे, आतून ते पोहोचू शकते ही कल्पना त्या चौकटीत बसणारी नव्हती. सिंधू पिते असे कोणी लिहिले असते, तर ते नाटक उभेच राहिले नसते.

पुरुषकेंद्री दृष्टीमागे सामाजिक वास्तव होतेच. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी केवळ एक टक्क्याहून किंचित अधिक मद्यपान करीत असल्याचे आढळले. मात्र ही सरासरी आहे. मोहाची दारू, ताडी आणि माडी ज्या समाजांत सण, लग्न व देवकार्याचा भाग आहेत, तेथे स्त्रियांचे पिणे लपवण्याचा विषय कधीच नव्हता. ज्या समाजांत ते लज्जेचे आहे, तेथे ते सर्वेक्षणकर्त्याला सांगितले जाईल, अशी अपेक्षा ठेवणे भोळेपणाचे ठरेल. अशा विषयात साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे. पण ते मौन संशयाला आधारही देत नाही. ही दुहेरी सावधगिरी बाळगली नाही, तर लेखनाचा रोख चटकन एखाद्या जातीकडे वा जमातीकडे वळतो.

परळीचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाच्या मोठ्या साधनांपैकी एक होते आणि शिंदीच्या झाडांवर त्याचा मोठा भार होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाईत शिक्षक म्हणून राहिलेल्या स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा हा लढा होता. झाड तोडणे म्हणजे निजामाचा महसूल तोडणे, असे त्याचे राजकीय गणित होते. मराठवाड्याच्या इतिहासात दारूबंदी आधी राजकीय हत्यार म्हणून आली. माता-बालकांच्या आरोग्याचा विचार तिच्या मागे फारसा दिसत नाही. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग झाला, तेव्हा ते खाते सांभाळणारे डॉ. एम. डी. डी. गिल्डर स्वतः नामवंत डॉक्टर होते. तरी तेथेही युक्तिवाद प्रामुख्याने कुटुंबाच्या पैशाचा आणि कामगाराच्या नीतीचा राहिला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागेही हीच धारणा होती.

पाश्चात्त्य वैद्यकाचे विस्मरण

युरोपातील वाटचालही सरळ नाही. इंग्लंडमध्ये जिन स्वस्त झाली, तेव्हा १७२६ मध्ये लंडनच्या वैद्यक महाविद्यालयाने पार्लमेंटला दिलेल्या निवेदनात या मद्यामुळे दुबळी व रोगट मुले जन्मतात अशी तक्रार केली होती. १८९९ मध्ये विल्यम सुलिव्हन या तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिव्हरपूल येथे मद्यासक्त स्त्रीकैद्यांच्या अपत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मृतजन्म आणि बालमृत्यू यांचे प्रमाण मोठे आढळले. तुरुंगवासामुळे गरोदरपणी दारू सुटलेल्या काही स्त्रियांची पुढची मुले मात्र चांगली निघाल्याचेही त्यांनी नोंदवले. ही नोंद मोलाची होती, कारण दोष रक्तात नसून पदार्थात आहे असे ती सुचवीत होती.

मात्र १९१० मध्ये लंडनच्या गॅल्टन प्रयोगशाळेतून एथेल एल्डरटन व कार्ल पिअर्सन यांनी आईबापांच्या मद्यपानाचा मुलांवर विशेष परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली, आणि गर्भावरील परिणामाची चर्चा ही दारूबंदीवाल्यांची प्रचारकी भाषा म्हणून बाजूला पडली. हे विस्मरण इतके पूर्ण होते की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकाली प्रसूती थांबविण्यासाठी गर्भिणीला शिरेवाटे मद्यार्क देण्याचा उपचार प्रतिष्ठित रुग्णालयांत रूढ झाला.

१९६८ मध्ये फ्रान्समधील नान्त येथे पॉल लमॉइन व सहकाऱ्यांनी मद्यासक्त आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट' मध्ये तशीच लक्षणे मांडली आणि 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. डोळ्यांच्या आखूड फटी, नाक व ओठ यांमधील पन्हळ सपाट होणे, वरचा ओठ पातळ असणे, खुंटलेली वाढ आणि मेंदूच्या कार्यातील दोष ही त्याची प्रमुख चिन्हे होत. चेहऱ्याची घडण गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत होते, मेंदूची मात्र नऊही महिने होत राहते. त्यामुळे चेहरा अगदी सामान्य असूनही मेंदूला हानी पोहोचलेली असू शकते. अशा सर्व प्रकारांना सामावून घेणारी व्यापक संज्ञा पुढे वापरात आली. गरोदरपणात मद्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे आजवर दाखवता आलेले नाही.

दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप प्रांताचे उदाहरण मराठवाड्याच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. तेथील द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने देण्याची 'डॉप' नावाची पद्धत होती. कायद्याने ती विसाव्या शतकात बंद झाली, तरी प्रत्यक्षात दीर्घकाळ रेंगाळली. जगातील या विकाराची सर्वाधिक प्रमाणे याच मळेकामगारांच्या वस्त्यांत नोंदली गेली. ज्या स्त्रियांना दोषी ठरवता आले असते, त्यांच्या हाती प्याला कोणी दिला, हे तेथील मजुरीच्या हिशेबात लिहिलेले होते.

गिरणीतील आई आणि अफूची गोळी

महाराष्ट्रात याला सर्वात जवळचे असे चांगले नोंदलेले उदाहरण मद्याचे नसून अफूचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. कोकण आणि घाटावरून आलेल्या या बायकांना मूल सांभाळायला चाळीत कोणी नसे आणि गिरणीत पाळणाघर नसे. १९२०-३० च्या दशकांत सरकारी चौकशांतून ही प्रथा पुढे आली आणि १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही तिची चर्चा झाली. अडाणी आईचे अज्ञान, असा तिचा अर्थ पुष्कळांनी लावला.

दुसरी वाचनपद्धतीही त्याच काळात उपलब्ध होती. रा. सु. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना प्रसूतीपूर्व विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे आणि तिचा भार मालकाने व शासनाने उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा. आईच्या शरीरातून मुलापर्यंत जे जे पोहोचते, त्याची जबाबदारी एकट्या आईची नसते, हे तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्याच्या इतिहासात एवढ्या लवकर मांडले गेले होते. नंतरच्या चर्चेत ते पुन्हा पुन्हा विसरले गेले, हे खेदाने म्हणावे लागते.

'अनियंत्रित' बालक : न्यायालय ते शाळा

गर्भातील कारण ठाऊक नव्हते, तेव्हाही त्याचा परिणाम भोगणारी काही मुले समाजात असणारच. त्यांचे काय झाले? याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात सापडत नाही. ते सुधारगृहांच्या इतिहासात शोधावे लागते. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुलांसाठी सुधारगृह सुरू झाले. १८७६ व १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी गुन्हेगार मुलांना तुरुंगाऐवजी अशा शाळांत ठेवण्याची सोय केली. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानंतर बालन्यायालये आणि बालगृहे आली. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. या व्यवस्थेत आईबाप स्वतःहून न्यायालयासमोर येऊन 'हे मूल आमच्या आवाक्यात राहिलेले नाही' असे सांगू शकत. 'अनियंत्रित बालक' हा कायदेशीर वर्ग १९८६ च्या बालन्याय कायद्यातही टिकून होता. आपलेच मूल सरकारच्या स्वाधीन करण्यास निघालेल्या त्या आईबापांच्या मनःस्थितीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो लिहावयास हवा. ते सर्व निष्काळजी होते असे मानणे सोपे आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी मारून, उपाशी ठेवून, नवस बोलून, अंगारे लावून सर्व उपाय करून पाहिले असतील. मूल बदलत नाही, याचा एकच अर्थ त्यांना उपलब्ध होता, तो म्हणजे मूल वाईट आहे.

हा अर्थ बदलण्याचा प्रयत्न दोन दिशांनी झाला. पहिली दिशा मानसशास्त्राची. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. देशातील हे पहिले असे चिकित्सालय मानले जाते. 'मूल असे का वागते' हा प्रश्न तेथे 'मुलाला काय शिक्षा करावी' या प्रश्नाच्या आधी विचारला जाऊ लागला.

दुसरी दिशा बालशिक्षणाची, आणि मराठी शिक्षकाला ती अधिक परिचयाची आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३३ पासून 'शिक्षणपत्रिका' मराठीत चालवली आणि मुलाला मारू नये, हा विचार त्या काळच्या पालकांपुढे चिकाटीने मांडला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वारली मुलांसाठी केलेले काम प्रसिद्ध आहे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा अंगणात न्यावी, गुरे चारायला गेली तर कुरणात न्यावी, अशी त्यांची रीत होती. मोठ्या माणसांच्या सोयीची शिस्त बाजूला ठेवून मुलाच्या शरीराची हालचाल हाच शिक्षणाचा पाया मानणारी ही पद्धत होती. त्या मुलांपैकी कोणाला गर्भावस्थेतील मद्यसंपर्काचा उपद्रव होता काय, हे सांगता येणार नाही आणि तसे विचारणेही अनुचित ठरेल. परंतु चंचल मुलासाठी आज जे सुचवले जाते, त्याचा बराचसा भाग कोसबाडच्या अंगणवाडीत कोणतेही निदान न करता चालू होता.

दत्तक मूल आणि अज्ञात गर्भकाळ

'शक्यता' या शब्दाचे ओझे सर्वाधिक वाहतात ते दत्तक पालक. जन्मदात्रीचा नऊ महिन्यांचा इतिहास त्यांच्यासाठी बहुधा कोरा असतो. महाराष्ट्रात अशा मुलांच्या सांभाळाची परंपरा जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८७५ मध्ये पंढरपूरला बालकाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. गर्भ लपवण्यासाठी त्या काळच्या विधवांनी काय काय प्राशन केले असेल, किती काढे व किती विषारी मुळ्या, हे कोणत्याही दप्तरात नाही. त्या मुलांच्या गर्भकाळाविषयी काहीही न विचारता फुले दांपत्याने मूल उचलून घेतले, ही त्या घटनेतील सहज नजरेआड होणारी बाजू आहे.

आज कायदेशीर दत्तकविधानात मुलाचा वैद्यकीय अहवाल पालकांना मिळतो. तरीही मातेच्या मद्यपानाची माहिती त्यात असण्याची शक्यता कमी असते, कारण ती सांगणारे कोणी उरलेले नसते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील शाळांतून हा प्रश्न प्रथमच विचारला जातो. येथील पालकांना बहुधा तो विचारलाही जात नाही.

या मुलांच्या संगोपनाविषयीचे सर्वात भरीव ज्ञान सिॲटल येथील ॲन स्ट्रीसगुथ यांच्या दीर्घ अभ्यासातून आले. १९९६ मध्ये त्यांनी ४१५ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. शाळा सुटणे, कायद्याशी संघर्ष, व्यसन आणि मानसिक आजार यांचे प्रमाण त्यांच्यात फार मोठे होते. पण स्थिर, हिंसामुक्त घरात वाढलेल्या आणि वयाच्या सहाव्या वर्षाआधी निदान झालेल्या मुलांत ते लक्षणीयरीत्या कमी होते. हानी मेंदूत होती, तरी पुढील दुर्दशेचा मोठा भाग मेंदूने ठरवलेला नव्हता.

या अभ्यासांतून पुढे आलेली रीत साधी आहे. अशा मुलाला कार्य आणि कारण यांचा दुवा लवकर जोडता येत नाही. एका प्रसंगात शिकलेला धडा दुसऱ्या प्रसंगात त्याला लागू करता येत नाही. म्हणून शिक्षा वाढवली तरी वर्तन सुधारत नाही, भीती मात्र वाढते. त्याला एका वेळी एकच सूचना, तीही थोडक्यात आणि दररोज त्याच शब्दांत द्यावी लागते. उठण्या-जेवण्या-झोपण्याच्या वेळा ठरलेल्या लागतात. गर्दी आणि गोंगाट कमी करावा लागतो. आठ वर्षांच्या मुलावर पाच वर्षांच्या मुलासारखी नजर ठेवावी लागते. आणि 'करीत नाही' व 'करू शकत नाही' यांतील फरक मोठ्यांना स्वतःला रोज नव्याने समजून घ्यावा लागतो. मराठी घरात या शेवटच्या गोष्टीला मोठा अडथळा आहे. आपल्याकडे मुलाचे वर्तन म्हणजे आईच्या संस्कारांचे प्रगतिपुस्तक समजले जाते. त्यामुळे मूल चारचौघांत आवेगाने वागले की आईची मान खाली जाते आणि त्या लाजेपोटी हात उगारला जातो.

बालाघाटातील सहा महिने

परळी तालुका आणि एकूण बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीने, ज्याला 'कोयता' म्हणतात. एका व्यक्तीने दांडी मारली की खाडा पडतो. गर्भारपण हा या हिशेबात बसणारा विषय नाही. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. स्त्रीचे गर्भाशय ज्या श्रमव्यवस्थेत अडचण ठरते, तेथे गर्भाच्या संरक्षणाची चर्चा केवळ स्त्रीच्या सवयींवर करणे अन्यायाचे आहे.

या प्रदेशात स्त्रियांच्या व्यसनाचा विचार करायचा, तर मद्याआधी मिश्री आणि तंबाखूचा करावा लागेल. भूक मारण्यासाठी व थकवा विसरण्यासाठी दाताला मिश्री लावणाऱ्या बाया प्रत्येक खेड्यात दिसतात. तंबाखूमुळे कमी वजनाची मुले जन्मतात, हे भारतीय वैद्यकीय संशोधनाने दाखवलेले आहे. कमी वजन, रक्तक्षय, उसाच्या फडात वाकून केलेले बारा तास काम, नवऱ्याची दारू व मारहाण, आणि क्वचित आईचे स्वतःचे पिणे, यांपैकी मुलाच्या चंचलतेला नेमके कोणते कारण, हे वेगळे काढणे निष्णात डॉक्टरलाही जमत नाही. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात आहे. पण वर्षातून सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असलेल्या मुलाची सलग तपासणी कोणत्याही रुग्णालयाला करता येत नाही.

आवेगी मुलाला जे लागते, नेमके तेच या सहा महिन्यांत नाहीसे होते. पहाटे आईबाप फडात जातात. कोपीत मागे राहते ते मूल, बहुधा त्याच्याहून लहान भावंड सांभाळणारे. आसपास धारदार कोयते, टायरगाड्या, उघड्या विहिरी आणि भरधाव ट्रॅक्टर असतात. विचार करण्याआधी धावणाऱ्या मुलासाठी ही जागा सर्वात धोक्याची. जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिच्यामुळे मूल गावात व शाळेत राहते आणि दिवसाला एक आकार मिळतो. पण वसतिगृहात अशा मुलाचे वागणे गृहपालाला पेलत नाही आणि 'घेऊन जा' असा निरोप कारखान्यावर गेला, तर बाप एका दिवसाचा खाडा भरून येतो व मुलाला सोबत घेऊन जातो. एप्रिलमध्ये परतल्यावर शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलासमोर 'अनियमित' असा शेरा असतो.

दारूच्या विरोधात मराठवाड्यातील स्त्रिया गप्प बसलेल्या नाहीत. गावातील स्त्री-मतदारांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद २००८ च्या शासन आदेशाने अधिक स्पष्ट झाली आणि 'आडवी बाटली' हे शब्द ग्रामसभेच्या भाषेत आले. त्या मतदानासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रिया नवऱ्याच्या दारूविरुद्ध मत देत होत्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता तिच्यात आहेत. गर्भावस्थेतील मद्यसंपर्काने होणारा विकार मात्र त्यात स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे अशा मुलाला सवलत मिळायची असेल तर ती दुसऱ्या एखाद्या नावाखाली मिळवावी लागते, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मुलाला घेऊन हजर राहावे लागते. तो वार अनेकदा हंगामाच्या दिवसांत येतो.